वहिनींची सायकल आणि काळ्या मातीतला बेल्ट: प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५, मानवत (जि. परभणी)

काम ठरलं. वहिनींच्या सायकलीला मोटार बसवायची.

वहिनी अंगणवाडी सेविका. घरापासून वाडी सात किलोमीटर. त्यातले चार डांबरी, मग कालव्याकडेचा मुरूम, आणि शेवटी पांदण. दादा स्कूटी घ्यायला निघाला होता, पण वहिनींनीच मोडता घातला. पांदणीत स्कूटी रुतली तर बांधावर कोण उचलून ठेवणार? सायकल तेवढी ठेवता येते. म्हणजे वजनाची मर्यादा काम सुरू व्हायच्या आतच ठरली. मोटार, बॅटरी, सगळं धरून मागची बाजू एकट्या बाईला उचलून सरकवता आली पाहिजे.

हब मोटारचं तयार किट घेतलं असतं तर एका रविवारात उरकलं असतं. पण मागच्या चाकात चार-पाच किलो लोखंड आणि आसातून बाहेर आलेल्या वायरी, अशा चाकाचं पंक्चर काढायला रस्त्यावरचा पोरगा हात लावत नाही. दुसरं, माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. मोटार चाकाबाहेर असली तर खोलता येते, बांधता येते, बदलता येते. म्हणून मोटार फ्रेममध्ये, आणि मोटारीच्या फेऱ्यांची पहिली कपात दातेरी बेल्टने. बेल्टला तेल लागत नाही, आणि तेल नाही म्हटल्यावर आमच्याकडची धूळ त्याला चिकटत नाही. आवाजही साखळीपेक्षा कमी.

कायद्याची बाजू आधीच बघून ठेवली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पेडलवाल्या विजेच्या सायकलीला मोटार वाहन धरत नाहीत, पण अटी आहेत: तीस मिनिटांची पॉवर २५० वॅटच्या आत, २५ किलोमीटर वेगाला मोटारीची मदत बंद, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. मला याहून जास्त नकोच आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर सायकल मोजायला घेतली. २६ इंची लेडीज, स्टीलची, एकच गिअर. स्टील आहे हे बरं, गॅसवर पितळी टाका मारता येतो आणि गरज पडली तर वाकवताही येतं.

पॉवरचा हिशेब. सायकल, बॅटरी, वहिनी, पोषण आहाराची रजिस्टरं आणि पोरांचा वजनकाटा, सगळं मिळून १०० किलो धरलं. डांबरीवर २५ च्या वेगाला टायरचा विरोध साधारण ७० वॅट खातो आणि हवा १२०. म्हणजे १९० वॅट. २५० ची मोटार पुरते. मुरमावर टायरचा विरोध दुप्पट-तिप्पट होतो, पण तिथं वेग पंधराच्या वर जातच नाही, म्हणून पॉवर उलट कमी लागते. खरी ओढ आहे कालव्याच्या भरावावर चढताना. शंभर पावलांचा चढ आहे, पण छातीवर येतो. आठ टक्के धरला तर तिथं ९८ न्यूटनचा जोर लागतो आणि मोटारीला तिच्या नेहमीच्या टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) तिप्पट ओढावं लागतं. अर्धा मिनिट चालेल. पेडल मारायचंच आहे तिथं, ते वहिनींना सांगून ठेवलं.

त्यांचं उत्तर: "भाऊजी, आत्ता तर सगळंच पेडल मी मारायले."

९ फेब्रुवारी

दोन आठवडे दुकानातून डोकं वर काढता आलं नाही. रब्बीचं पाणी चालू आहे, रात्रीची लाइट, व्होल्टेज कमी, आणि जळालेल्या मोटारी दारात रांगेत.

आज कागदावर बेल्टचा मुख्य पेच सोडवला. साखळीची कडी उघडते, बेल्ट उघडत नाही. तो अखंड गोल येतो. मागच्या चाकाच्या पुलीपासून पुढे मोटारीपर्यंत बेल्ट न्यायचा म्हटलं तर चाकाकडे जाणारा फ्रेमचा खालचा पाइप त्या गोलाच्या आत अडकतो. साखळी असती तर तोडून पाइपाभोवती घालून जोडली असती. बेल्टसाठी पाइपच कापावा लागतो. बेल्टच्या महागड्या सायकलींच्या फ्रेमला मागच्या बाजूला एक उघडणारा सांधा असतो तो याचसाठी. कापलेल्या पाइपाला सांधा करता येईल, पण शंभर किलोचं वजन घेऊन खड्ड्यातून जाणाऱ्या फ्रेमला मी तिथं करवत लावणार नाही.

म्हणून दोन टप्पे. पहिला मोटार ते काउंटर शाफ्ट, म्हणजे मधला आस, बेल्टने, सगळा फ्रेमच्या पुढच्या भागात. दुसरा काउंटर शाफ्ट ते मागचं चाक, डाव्या बाजूने, साध्या सायकलच्या साखळीने. बेल्ट चाकापासून लांब राहतो, आणि चिखलात लोळायचं काम साखळीकडे जातं, जिला त्याची सवय आहे.

आकडे असे बसले. बेल्ट एचटीडी ५एम, म्हणजे दातांमधलं अंतर ५ मिमी, रुंदी १५. मोटारीवर २० दात, शाफ्टवर ७२. कपात ३.६. पुढे साखळीत १६ आणि ४४, म्हणजे २.७५. एकूण ९.९. चाकाचा घेर २.०७ मीटर, त्यामुळे २५ च्या वेगाला चाक मिनिटाला २०० फेरे घेतं आणि मोटार २,००० च्या जरा आत.

बेल्टची लांबी ५०० मिमी, म्हणजे शंभर दात. ती घेतली की दोन शाफ्टमधलं अंतर १२८ मिमी येतं आणि छोट्या पुलीवर जवळपास आठ दात कायम पकडीत राहतात. सहाच्या खाली जाऊ देऊ नये असा नियम आहे. चढावर बेल्टवर २३ किलोचा ओढा येणार, सपाटीला आठच. हे दोन आकडे पाटीवर लिहून ठेवले, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे.

१५ फेब्रुवारी

पुल्या आणि बेल्ट मागवले. आमच्या बाजारात व्ही-बेल्ट कोणत्याही नंबरचा मिळतो, पिठाच्या गिरणीला लागतो, जिनिंगला लागतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे हा दातेरी, म्हटलं की दुकानदार गाडीचं मॉडेल विचारतो. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणायचं आणि बहात्तर दातांची पुली पुण्याहून मागवायची.

गिरणीवाल्या मामांनी विचारलं, व्ही-बेल्टच का नाही लावत? लावला असता. पण व्ही-बेल्ट घर्षणावर ओढतो, म्हणून त्याला ताण भरपूर द्यावा लागतो, आणि तो ताण छोट्या बेअरिंगवर येतो. शिवाय तीस मिमीच्या पुलीभोवती जाड व्ही-बेल्ट वळवला की वळण्यातच तो तापतो. गिरणीत दहा एचपीमधून पाव एचपी गेली तर कुणी विचारत नाही. इथं सगळी मिळून एक तृतीयांश एचपीचीच गोष्ट आहे.

२३ फेब्रुवारी

मोटार आली. ब्रशलेस, ३६ व्होल्ट, २५० वॅट, आत चुंबकांची जागा ओळखणारे हॉल सेन्सर. माझा बॅटरी पॅक ३८.४ व्होल्टचा होणार आहे, त्या व्होल्टेजला रिकामी फिरवून फेरे मोजायचा टॅकोमीटर लावला: ३,००० फेरे. मला हवेत २,१०० च्या आसपास, म्हणजे लोडवर १,९५० तरी राहतील.

तीन वाटा होत्या. छोटी पुली आणखी छोटी करायची, तर पकडीतले दात कमी होतात आणि बेल्ट फार कडक वळतो. मोठी पुली आणखी मोठी करायची, तर ती पेडलच्या दांड्याला (क्रँकला) भिडते. कंट्रोलरमध्येच, म्हणजे मोटारीला करंट देणाऱ्या पेटीतच, वेग दाबायचा, तर मोटारीचा करंट जास्त राहतो आणि कंट्रोलर तापतो. चौथी वाट माझ्या टेबलावरच होती: नवी गुंडाळी.

आधी मोटारीच्या तीन गुंडाळ्यांची जोडणी बघितली, डेल्टा (त्रिकोणी) की स्टार (एका टोकाला एकत्र). डेल्टा असती तर स्टार करून फेरे १.७३ ने उतरले असते, एकही वेढा न बदलता. पण ती स्टारच निघाली. मग प्रत्येक दाताला वेढे मोजले: १४, २२ गेजच्या तीन तारा एकत्र. फेरे वेढ्यांच्या उलट चालतात. १४ चे २० केले तर ३,००० चे २,१०० होतात. आता वेढे वाढवायचे म्हणजे जागा तर तेवढीच. तिनाऐवजी दोन तारा घेतल्या. आधी खाचेच्या एका बाजूला १४ गुणिले ३ म्हणजे ४२ तारा होत्या, आता २० गुणिले २ म्हणजे ४०. बसतात. रेझिस्टन्स दुपटीच्या थोडा वर जातो, पण तेवढ्याच टॉर्कला करंट सात दशांश लागतो. गोळाबेरीज केली तर तापणं जवळपास तेवढंच. कमाई एवढीच की पुली, बेल्ट, कंट्रोलर सगळे आपापल्या सोयीच्या जागी राहतात.

पाणबुडी मोटारी बांधून बांधून माझी बोटं जाड झालीत. या बारा खाचांच्या खेळण्यात तार घालताना चिमटाच वापरावा लागला. हॉल सेन्सर जागचे हलवले नाहीत, वायरींची दिशा मूळ होती तशीच ठेवली, नाहीतर पुढे तीन तारांची सहा प्रकारे जुळवाजुळव करत बसावं लागतं.

व्हार्निश फक्त स्टेटरला, म्हणजे गुंडाळीच्या न फिरणाऱ्या भागाला. चुंबकांचा फिरणारा रोटर बाजूला, भट्टीपासून लांब. साध्या ग्रेडच्या निओडायमियम चुंबकाची ताकद ऐंशी अंशांच्या पुढे कायमची कमी व्हायला लागते, आणि माझी व्हार्निशची पेटी त्याच्या बरीच वर जाते.

१ मार्च

लेथवर मोटार पकडून ५०० फेऱ्यांना फिरवली आणि तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्टेज मोजलं. ६.५ च्या आसपास, तिन्हीकडे सारखं. हिशेबात बसतं. गुंडाळी पास.

१६ मार्च

आजचा दिवस प्लेटचा.

बेल्टला दोन शाफ्टमधलं अंतर बदललेलं अजिबात चालत नाही. लेडीज फ्रेमला वरचा आडवा पाइप नाही, त्यामुळे ती पिळते. चढावर जोर लावला की बीबीजवळ, म्हणजे पेडलच्या आसाजवळ, डोळ्याला दिसेल इतकी हलते. मोटार एका पाइपाला आणि काउंटर शाफ्ट दुसऱ्या पाइपाला बांधला तर ती हालचाल थेट बेल्टमध्ये जाणार: एका क्षणी तो ढिला, दुसऱ्या क्षणी तणावलेला, आणि ढिल्या क्षणी २३ किलोचा ओढा आला की दात उडी मारणार.

म्हणून मोटार आणि काउंटर शाफ्ट दोन्ही एकाच पिंजऱ्यात. आठ मिमी ॲल्युमिनियमच्या दोन प्लेटा, मधे चार नळ्या, आरपार बोल्ट. बेल्ट दोन प्लेटांच्या मधे. मोटार उजव्या प्लेटला, साखळीचं चाक डाव्या प्लेटच्या बाहेर. सगळा पिंजरा बीबीच्या वर, सीटचा उभा पाइप आणि खालचा तिरपा पाइप यांच्या बेचक्यात, तीन क्लॅम्पवर. फ्रेम पिळली तर पिंजरा अख्खा हलतो, आतलं १२८ मिमी तसंच राहतं. फ्रेमची हालचाल साखळीपर्यंत जाते, आणि साखळी ती पचवते.

मोटारीचे बोल्ट लांबट खाचांत, बारा मिमी सरकण्यापुरते. मागे एक ढकलबोल्ट, ताण बारीक लावायला. वेगळी टेन्शनर पुली लावायचा मोह आवरला. ती पाठीवरून दाबली की बेल्ट उलटा वाकतो आणि आणखी एक बेअरिंग चिखलात जातं.

शाफ्ट ईएन ८ स्टीलचा, पंधरा मिमी. बेअरिंग ६२०२. माझ्या दुकानात या नंबरची कधी कमी पडत नाही, निम्मे सीलिंग फॅन याच्यावरच फिरतात. फक्त रबरी सीलवाली घेतली, दोन्ही बाजूंनी बंद.

आता फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकडणारं दातेरी चाक. मोटार बंद असताना वहिनींना मोटार आणि बेल्ट ओढत पेडल मारावं लागू नये, म्हणून मधे कुठंतरी फ्रीव्हील हवंच. मागच्या चाकावर डाव्या बाजूला साधं फ्रीव्हील चालत नाही, ते उलट दिशेने पकडतं आणि पुढच्या दिशेने नुसतं टकटकत फिरतं. पण तेच काउंटर शाफ्टवर डावीकडे लावलं की सरळ बसतं. कारण इथं जोर आतून बाहेर जातो. शाफ्ट फ्रीव्हीलच्या पोटाला फिरवतो आणि पोट दातांना. आट्यांची दिशाही अशी की मोटार ओढते तशी ते आणखी घट्ट होतं. लेथवाल्या चाचांना हे सांगितलं तर त्यांना पटेना. शेवटी फ्रीव्हील हातात घेऊन, आत बोट घालून डाव्या बाजूने फिरवून दाखवलं. "हां, बराबर आहे तुमचं," म्हणाले आणि लगेच आटे पाडायला बसले. १.३७ इंच, २४ टीपीआय, म्हणजे इंचाला २४ आटे. लेथचे बदली गिअर काढून इंची लावावे लागले. जिनिंगचा सीझन ओसरला म्हणून तर लेथ मिळाला, नाहीतर दिवाळी ते होळी चाचांचा लेथ रोलरलाच बांधलेला असतो.

२३ मार्च

मागचं चाक. डिस्क ब्रेकवाला हब घेतला, ब्रेकसाठी नाही, त्याच्या सहा भोकांसाठी. ४४ मिमीच्या वर्तुळावर सहा बोल्ट, त्यावर ४४ दातांचं जुनं चेनव्हील क्रँकपासून कापून, भोकं पाडून बसवलं. ४४ चं वर्तुळ आणि ४४ दात, हा निव्वळ योगायोग. मागचा ब्रेक व्ही-ब्रेकच राहिला, रिमवर.

हब १३५ मिमी रुंद, फ्रेमच्या मागच्या कानांमधलं अंतर १२० निघालं. स्टील असल्यामुळे आटेवाली सळई आणि नट लावून हळूहळू फाकवलं, दोरी लावून दोन्ही बाजू समान आल्या का ते बघत. ॲल्युमिनियमची फ्रेम असती तर हे करता आलं नसतं.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी चाक हवेत उचलून पहिल्यांदा करंट दिला. प्रयोगशाळेचा पॉवर सप्लाय, ३८ व्होल्ट. फिरलं. स्पीडोमीटरवर २६. हवेत २६ म्हणजे जमिनीवर २४. पुतण्याला वाटलं चाळीस दाखवेल, तो निराश होऊन पतंगाकडे गेला.

बेल्टचा ताण: दोन पुल्यांमधला मोकळा भाग १२१ मिमी. नियम असा की ठरलेल्या जोराने मधे दाबल्यावर मोकळ्या लांबीच्या चौसष्टाव्या भागाइतकाच बेल्ट दबावा. इथं दोन मिमीच्या जरा आत. सामान मोजायच्या स्प्रिंग काट्याने ओढून लावला.

२० एप्रिल

बॅटरी. सेल लिथियम फेरो फॉस्फेटचे, ३२७०० साइज, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर अवर. बारा ओळीत, दोन जोडीत: ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर अवर, ४६० वॅट अवर. नुसते सेल साडेतीन किलो.

मोबाइल-लॅपटॉपच्या जातीचे सेल घेतले असते तर किलोभर वजन वाचलं असतं. पण वाडीतल्या अंगणवाडीबाहेर सावली म्हणजे एक लिंब आणि पत्र्याचा पडवा. मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होतं ते मला माहीत आहे. फॉस्फेटचा सेल उष्णतेला जास्त टिकतो आणि बिघडला तरी पेट घ्यायला जास्त तापमान लागतं. घरात पोरं झोपतात त्याच खोलीत ही बॅटरी राहणार, तिथं मी किलोभर वजनाचा विचार करत नाही.

चार्जिंग ४३.८ व्होल्टला संपतं. ४५ अंशांच्या वर सेल चार्ज करू नये असं बहुतेक कंपन्यांच्या कागदावर असतं, म्हणून घरात नियम लावला: दुपारी आल्या आल्या चार्जर लावायचा नाही. रात्री जेवणं झाल्यावर.

कंट्रोलरला बॅटरीकडून जास्तीत जास्त ८ अँपिअर घ्यायची परवानगी. ३०० वॅट आत जातात, मोटार आणि बेल्टमधून चाकाला २४० च्या आसपास पोचतात. दोन्ही ब्रेकच्या मुठीत स्विच, ब्रेक दाबला की मोटार बंद. यात तडजोड नाही.

२७ एप्रिल

उन्हात चाचणी. सावलीत ४१ अंश. डांबरीवर सलग चालवून लगेच गुंडाळीचा रेझिस्टन्स मोजला. थंड असताना होता त्यापेक्षा १५ टक्के वाढला. तांब्याच्या हिशेबाने म्हणजे चाळीसेक अंश वर, गुंडाळी ऐंशीच्या आसपास. वायरचं इनॅमल याच्या कितीतरी पुढे टिकतं. रोटर गुंडाळीपेक्षा थंड असतो, पण फार मोकळीक नाही. मोटारीच्या बुडाला उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या (फिन) चिकटवायच्या.

आवाज: पंधरा ते अठरा वेगात बारीक शिट्टी. बेल्ट मोठ्या पुलीच्या एका कडेला घासत होता. प्लेटवर स्टीलची पट्टी धरून दोन्ही पुल्यांचे चेहरे बघितले, मोटारीखाली अर्ध्या मिमीचा पत्रा घातला, शिट्टी अर्धी झाली. उरलेली अर्धी दातांचीच आहे, ती राहणार.

११ मे

गेल्या आठवड्यात वहिनींनी पहिल्यांदा नीट पाहणी केली. मोटारीकडे, बॅटरीकडे ढुंकून बघितलं नाही. डाव्या बाजूला बोट दाखवलं.

"साखळी इकडूनबी हाय?"

"हो."

"मग पदर कुठं ठेवू?"

सायकलीला चेन कव्हर उजव्या बाजूला असतं, कारण साखळी उजवीकडे असते. मी दुसरी साखळी डावीकडे आणली आणि त्या तर अंगणवाडीच्या साडीत जाणार. निऱ्या आणि पदर दोन्ही धोक्यात. मोटारसायकलला डाव्या बाजूला साडी गार्ड असतं ते उगीच नाही.

आठवडाभर बाकी सगळं थांबवून कव्हरच केलं. डाव्या साखळीला पत्र्याचं पूर्ण बंद कव्हर, दोन भागांत, चाक काढताना मागचा भाग सुटतो. मागच्या चाकावर मडगार्डपासून आसापर्यंत दोन्ही बाजूंनी जाळी. साखळी आणि फ्रेमच्या पाइपात मुळात चारच मिमी जागा होती, त्यामुळे कव्हरचा आतला पत्रा तिथं कापून वळवावा लागला. या सायकलीत सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला भाग कोणता, तर हा. मोटारीची गुंडाळी त्यापुढे काहीच नाही.

२७ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. पांदण काळीभोर आणि मऊ. ठरवलेली चिखलाची चाचणी आयती मिळाली, म्हणून मीच घेऊन गेलो.

काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. चिखल उडून जात नाही, थरावर थर चढतो. कोरड्या भागात पाय ठेवला तरी चपलेला भाकरीएवढा गोळा येतो. टायर आणि मडगार्डच्या मधे तो दाबला गेला, तिथून पुढे ढकलला गेला आणि पिंजऱ्याच्या मागच्या उघड्या बाजूने थेट मोठ्या पुलीवर. भरावाच्या चढावर टक, टक, टक. बेल्ट दात ओलांडत होता.

घरी आणून खोललं. मोठ्या पुलीच्या खाचांत माती दाबून इतकी घट्ट बसली होती की खाच उरलीच नव्हती. दात आत बसत नाही, बेल्ट वर उचलला जातो, आधी ताण वाढतो आणि मग तो घसरत उडी मारतो. बेल्टला इजा काही नाही. दाभणाने एकेक खाच कोरली.

१ जून

गेट्स या बेल्ट कंपनीच्या सायकल बेल्टच्या चाकांना दातांखाली खिडक्या असतात, बेल्टच चिखल त्यातून बाहेर ढकलतो. तीच युक्ती इथं. ७२ दातांच्या पुलीत दर तिसऱ्या खाचेच्या तळाला चार मिमीचं भोक, आतल्या बाजूला आरपार. चोवीस भोकं. दर खाचेला पाडली असती तर कडा कमकुवत झाली असती. छोट्या पुलीत भोकांना जागाच नाही, पण ती पुढच्या बाजूला असल्याने तिथवर माती पोचली नव्हती.

पिंजऱ्याला चाकाच्या बाजूने पत्रा लावून बंद केलं, खाली मात्र पूर्ण उघडं ठेवलं. सगळीकडून बंद केलेल्या कव्हरमध्ये शिरलेली माती वाळून वीट होते. मागचं मडगार्ड दोन सेंटिमीटर वर उचललं आणि त्याच्या पुढच्या टोकाला जुन्या ट्यूबचा फ्लॅप लटकवला, पुलीवर उडणारं तो झेलतो.

१५ जून

पुन्हा तीच पांदण, पावसानंतर. चाक मातीने जाम झालं, उतरून काडीने खरडावं लागलं, पण बेल्ट एकदाही उडला नाही. भोकांतून मातीच्या शेवया निघालेल्या दिसल्या. चाक जाम होणं हे कोणत्याही सायकलचं होतं, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. वहिनींनी मागून उचलून बांधावर ठेवून दाखवली. एकूण वजन २९ किलो.

६ जुलै, आषाढी एकादशी

आता रोज चालते. वॉटमीटरवर डांबरीला किलोमीटरमागे ९ वॅट अवर, मुरूम आणि पांदणीला १५. जाऊन-येऊन १६० च्या आसपास, म्हणजे दोन दिवसांतून एकदा चार्जिंग, तीन अँपिअरच्या चार्जरवर तीन तासांच्या आत. लाइट गेली तरी तेवढी रात्रीत कधीतरी येतेच.

बेल्टचा ताण पुन्हा मोजला, नवा बेल्ट सुरुवातीला बसतो तेवढाच ढिला झाला होता, ढकलबोल्ट अर्धा फेरा. कडा स्वच्छ, दातांवरचं कापड शाबूत. डाव्या साखळीला मात्र दर आठवड्याला पुसून तेल लागतं. ते काम पुतण्याकडे, दर खेपेला दहा रुपये.

वाडीतल्या एका आशा सेविका ताईंनी वहिनींना विचारलंय, अशी आणखी एक होईल का. त्यांची सायकल जेंट्स आहे, वरचा पाइप आहे, फ्रेम पिळत नाही. पिंजरा सोपा होईल, सहा मिमीच्या प्लेटांवर भागेल. पण त्या पाइपावरून साडीत पाय टाकून चढायचं कसं, हे त्यांना विचारायला वहिनींना सांगितलंय. पुढच्या रविवारी सायकल मोजायला आणणार आहेत. बेल्ट ५०० चाच मागवतोय, दोन.